टाकीत किती उरलं होतं, कुमुद?

कुमुद,

तुझा जन्म कुठे झाला, तू शिकलीस किती, नोकरी कुठे केलीस, हे सगळं आपल्या लेकीने, ज्योतीने, मंडळाच्या अंकासाठी टाईप करून पाठवलं आहे. बरोबर फोटोही दिला आहे, तुला न आवडणारा. मंडळवाले मला म्हणाले, काका, तुम्हीही थोडं लिहा. मी म्हटलं, मी सातवी शिकलेला बस ड्रायव्हर, मला गोड लिहिता येत नाही. ते म्हणाले, मनात आहे ते लिहा.

मनात आहे ते हे, की मला तुझा राग आला आहे. छापायचं असेल तर छापा.

तेराव्याला घर भरलं होतं. तुझ्या ऑफिसचे लोक आले. एक बाई माझा हात धरून म्हणाल्या, मॅडम आता ताऱ्यांमध्ये गेल्या. मी विचारलं, कुठल्या ताऱ्यात? त्यांनी हात सोडला. अगं, जन्मभर तू मला ओरडून सांगितलंस की ताऱ्यापर्यंत आपलं काही जात नाही, जवळच्या ताऱ्याला जायलाही हजारो वर्षं लागतील, मधे नुसता अंधार आणि थंडी. आणि ह्या तुझ्याच ऑफिसातल्या!

पण खरी आग लावली ती तुमच्या सेक्शनच्या जुन्या साहेबांनी. उपीट खाता खाता म्हणाले, "मॅडमचा हिशोब कधी चुकला नाही. गेल्या त्याही बरोबर वेळेवर. कोणाला त्रास नाही, स्वतःला नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मी उठून मागच्या दारी गेलो. नाहीतर त्यांच्या हातातली बशी मी काढून घेतली असती.

कारण मलाही तेच वाटत होतं. तू हिशोब करून गेलीस. मला निपाणीला पाठवून गेलीस.

आता हे वाचणाऱ्यांना कळायला हवं म्हणून सांगतो. मी तुझ्या आत्याचा मुलगा. मामांनी तुला बी.एस्सी. केलं आणि मग सातवी शिकलेल्या भाच्याला दिलं, कारण भाचा बेंगळूरला होता आणि तिथे मुलींना नोकऱ्या मिळायच्या. तुला मिळाली ती उपग्रहांच्या ऑफिसात. मी त्याच ऑफिसची बस चालवायचो. राजाजीनगरातून पहिली सीट तुझी, माझ्या डाव्या हाताची. कितीतरी दिवस बसमध्ये कोणाला माहीत नव्हतं की ड्रायव्हर हा मॅडमचा नवरा. तू मोठ्याने म्हणायचीस, "ड्रायव्हरसाहेब, स्वल्प हळू." आणि घरी आल्यावर, "अहो, ब्रेक असा मारतात का?"

मग तुला त्या विभागात टाकलं, जिथे उपग्रहात फ्युएल किती उरलंय ते बघतात. घरात वाद सुरू झाला तो तिथून. तो अजून संपलेला नाही. तू मधेच उठून गेलीस.

पहिला वाद मला आठवतो. मी म्हटलं, चाकं नाहीत, रस्ता नाही, हवापण नाही, तर ती गाडी पुढे ढकलते कशाला? तू म्हणालीस, कशालाच नाही. मी म्हटलं, फेकतेस. मग तू ज्योतीची अभ्यासाची चाकाची खुर्ची स्वयंपाकघरात ओढलीस, मला त्यावर बसवलंस, पाय उचलायला लावलेस आणि मांडीवर तांदळाची पिशवी दिलीस.

"फेका."

"कुठे?"

"समोर, जोरात. मी आहे पकडायला."

मी फेकली. तू पकडली नाहीस. पिशवी फुटली, आणि मी खुर्चीसकट मागे फ्रीजला जाऊन धडकलो. तू हसून हसून खाली बसलीस. म्हणालीस, "बघितलंत? तांदूळ पुढे, तुम्ही मागे. रॉकेटसुद्धा हेच करतं. जाळून वायू मागे फेकतं, म्हणून पुढे जातं. त्याला रस्ता लागत नाही."

"आणि तांदूळ संपले की?"

"संपले की संपले. मग आहे त्या वेगाने जात राहायचं. ना थांबता येत, ना वळता येत."

पुढे कितीतरी दिवस आपण पायाखालचे तांदूळ वेचत होतो. वेचता वेचता तू आणखी सांगितलंस, की जमिनीवरून उठतानाच बहुतेक सगळं फ्युएल जळून जातं. गाडीपेक्षा डिझेलचं वजन जास्त, आणि ते डिझेल उचलायला आणखी डिझेल. जाळायला लागणारी हवासुद्धा सोबत बांधून न्यायची. मी म्हटलं, हा कसला धंदा, असली बस मी घेतली असती तर मालकाने हाकलून दिलं असतं.

पण माझं तुझ्याशी खरं बिनसलं ते न्यूट्रलवरून. तू म्हणालीस, एकदा वर जाऊन वेग आला की इंजिन बंद. मंगळाकडे जाणारी गाडी महिनोन् महिने इंजिन बंद ठेवून जाते. फक्त दिशा जरा चुकली तर मधे एक फुंकर. थांबायचं असेल तर तोंड उलटं करून पुन्हा इंजिन लावायचं, कारण ब्रेक नाही. मी आंबोली घाटात बस चालवलेला माणूस. उतारावर न्यूट्रल टाकणारा ड्रायव्हर म्हणजे खुनी, असं मला माझ्या उस्तादाने शिकवलेलं. आणि माझी बायको सांगते की जगातले शहाणे लोक कोट्यवधी किलोमीटर न्यूट्रलवर जातात! मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तू म्हणालीस, "घाटात हवा आहे, रस्ता आहे, लोक आहेत. तिथे काही नाही हो. काही नसलं की थांबवणारंही कोणी नसतं."

ते वाक्य मला तेव्हा आवडलं नव्हतं. आता तर अजिबात आवडत नाही.

आणि तो टाकीचा काटा. मी विचारलं होतं, मग उरलंय किती ते कळतं कसं? आमच्या जुन्या बसचा काटा बिघडला की मी टाकीत बांबूची काठी बुडवून बघायचो, कुठवर ओली होते ते. तू म्हणालीस, तिथे काठी चालत नाही. वजनच नसतं, फ्युएल टाकीच्या तळाशी बसत नाही, भिंतीला चिकटून राहतं. मग तुम्ही काय करता? तर आजवर किती वेळा इंजिन लावलं त्याची बेरीज-वजाबाकी. शिवाय टाकीला जरा ऊब द्यायची आणि बघायचं. भरलेली टाकी हळू तापते, रिकामी लवकर. मी म्हटलं, म्हणजे अंदाज. तू चिडलीस. "अंदाज नाही, हिशोब."

"कुमुद, काठी ओली होत नाही तोवर तो अंदाज."

"सरी, ठीक आहे, अंदाज. पण माझा अंदाज."

"माझा अंदाज" म्हणायची ही घमेंड तुला त्या म्हाताऱ्या उपग्रहाने दिली. तो वर एका जागी टांगल्यासारखा राहायचा, टीव्हीचे कार्यक्रम पाठवायचा. चंद्र-सूर्य त्याला ओढत राहतात, म्हणून अधूनमधून फुंकर मारून त्याला जागेवर ठेवावं लागतं. फ्युएल संपत आलं. वरचे लोक म्हणाले, अजून थोडे दिवस चालवू. तू म्हणालीस, नाही. शेवटचं फ्युएल जागेवर राहायला नसतं, ते जागा सोडायला असतं. त्याला वर, लांब, कोणाच्या वाटेत येणार नाही तिथे नेऊन सोडायचं, मग सगळं बंद करायचं. नाहीतर तो तिथेच मरतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांवर आदळतो. तू भांडलीस. त्यांनी ऐकलं. तो वर जाऊन पोचला आणि टाकी कोरडी झाली. तू पेढे घेऊन बसमध्ये चढलीस आणि पहिला मला दिलास, सगळ्यांसमोर. त्या दिवशी बसला कळलं की मी तुझा कोण.

पेढा गोड होता. पण ती शिकवण मला तेव्हाच पटली नव्हती. मी म्हटलं होतं, जो टांगून राहू शकतो त्याला राहू द्यावं ना, शेवटच्या थेंबापर्यंत. तू म्हणालीस, "तुम्हाला नाही कळायचं. नीट जाणं हेसुद्धा काम असतं."

मला नाही कळलं. अजून नाही कळलं. आणि तू ते स्वतःवर चालवलंस.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचा पंप कमजोर झाला आहे. ऑपरेशन करता येईल, खात्री नाही. तू विचारलंस, केलं तर उठून कधी बसेन? ते म्हणाले, सांगता येत नाही. तू म्हणालीस, "मग नको. आहे तेवढं मला हवं तसं वापरीन." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. मी डॉक्टरांसमोर ओरडलो. ज्योतीने मला बाहेर नेलं. घरी येताना ऑटोत तुला म्हटलं, तू काय उपग्रह आहेस? तू म्हणालीस, "नाही. पण टाकी मला कळते." ऑटो चालवणारा मल्लेश आरशातून बघत होता. तो आपल्या गल्लीतलाच, तुला दवाखान्यात तोच न्यायचा. तू त्याला म्हणालीस, "मल्लेश, अण्णांकडे लक्ष देऊ नको, त्यांना मागे बसायची सवय नाही."

मग तू बचत सुरू केलीस. केस स्वतः विंचरणं सोडलंस. फोन घेणं सोडलंस. देवासमोर दिवा लावायला मला सांगू लागलीस, मला, ज्याला वात करता येत नाही. दुपारभर डोळे मिटून पडून राहायचीस. मी मुद्दाम खोटंनाटं बोलायचो, की चंद्रावर जायला सरळ वर नेम धरून जातात, की रॉकेट हवेला ढकलतं. आधी तू झोपेतून उठून भांडली असतीस. आता नुसती हसायचीस. मला त्याचा सगळ्यात जास्त राग आला. एकदा म्हटलं, भांडायलाही जोर नाही का? तू म्हणालीस, "आहे. वाचवतेय."

"कशासाठी?"

"आहे एक काम."

ते काम काय, ते मला सांगितलं नाहीस. मी काय समजायचं? मला त्या म्हाताऱ्या उपग्रहाचीच आठवण यायची.

मग आक्काच्या नातीचं लग्न आलं. मी म्हटलं, जाणार नाही. तू हट्ट धरलास. "तुमच्या सख्ख्या बहिणीची नात. सोमवारी जा, गुरुवारी सकाळी या. ज्योती आहे इथे." ज्योती व्हाइटफील्डहून लॅपटॉप घेऊन येऊन राहिली. मी पिशवी भरत होतो आणि तू पलंगावरून माझे शर्ट मोजून सांगत होतीस. मी म्हटलं, मला घालवायची एवढी घाई? तू म्हणालीस, "हो. गेल्याशिवाय परत कसे येणार?"

बुधवारी सकाळी निपाणीत मुलीला हळद लागत होती. ज्योतीचा फोन आला. आक्काच्या मुलाने गाडी काढली. सगळ्या रस्त्याने मी त्याला एकच म्हणत होतो, तिने मला पाठवलं. तो म्हणाला, मामा, पाणी प्या. दावणगेरेला डिझेल भरायला थांबलो, तेव्हा मी पंपावर उभा राहून त्या फिरत्या आकड्यांकडे बघत होतो आणि मला वाटलं, तिला सगळं ठाऊक होतं. टाकी किती, कुठवर पुरेल, आणि तेवढ्यात मला वाटेतून कसं काढायचं. मला बघावं लागू नये म्हणून. हे तुझं नीट जाणं.

घरी पोचलो तेव्हा तू हॉलमध्ये होतीस, आणि ज्योती म्हणाली, "पपा, आई शांतपणे गेली." मी म्हटलं, मला शांतपणे नको होती. मला आरडाओरडा करत, माझा हात ओरबाडत हवी होती. लेकीला असं बोलायला नको होतं, सगळ्यांनी सांगितलं. बोललो. परत बोलेन. लग्न झालं त्या दिवसापासून मी तुला सोडायला आणि आणायला जात होतो, सकाळ-संध्याकाळ. शेवटचं सोडायला मी नाही? तो अधिकार कोणाचा होता?

तेरावा झाला, लोक गेले, ते साहेबही आपलं वेळेवरचं बोलून गेले. दुसऱ्या दिवशी मी फाटकापाशी उभा होतो. मल्लेशची ऑटो आली आणि न थांबता पुढे गेली. परत वळून आली. परत गेली. तिसऱ्यांदा मी हात करून थांबवली.

"काय रे, काय झालं? काय फेऱ्या मारतोस?"

"काही नाही अण्णा."

"काही नाही तर उतर. आत ये, चहा घे."

तो आत आला नाही. हँडल धरून बसून राहिला. मग म्हणाला, "अण्णा, अम्मांनी सांगितलं होतं तुम्हाला सांगू नको. पण आता अम्माच नाहीत, तर सांगायचं की नाही ते कोणाला विचारू?"

मी म्हटलं, मला विचार.

तेव्हा त्याने सांगितलं. मी निपाणीला गेलो त्याच संध्याकाळी तू त्याला खिडकीतून हाक मारलीस. म्हणालीस, गुरुवारी पहाटे ये. हॉर्न वाजवू नको, ज्योती उठेल आणि जाऊ देणार नाही. पायऱ्यांवर माझा हात धर. मॅजेस्टिकला, बसस्टँडवर जायचं आहे. निपाणीची बस येते त्याच्या आधी पोचायला हवं.

"मी म्हटलं अम्मा, तुम्ही कशाला, मी आणतो अण्णांना. तर अम्मा म्हणाल्या, सगळा जन्म त्यांनी साऱ्या गावाला सोडलं आणि आणलं, त्यांना घ्यायला कधी कोणी गेलं नाही. मला रोज ऐकवतात. एकदा जाऊन त्यांचं तोंड बंद करायचं आहे." मल्लेश मान खाली घालून हसला. "म्हणाल्या, म्हातारा खूश वगैरे होणार नाही, पहिलं ओरडेल. तू घाबरू नको."

मी म्हटलं, आणि काय म्हणाली?

"म्हणाल्या, एवढं जमेल मला. मोजून ठेवलंय."

फाटकाची कडी घट्ट धरून उभा राहिलो.

मोजून ठेवलंय! केस विंचरायचे नाहीत, फोन घ्यायचा नाही, माझ्याशी भांडायचं नाही, हे सगळं थेंब थेंब साठवून तू जायला ठेवलं नव्हतंस. पलंगापासून फाटकापर्यंत, फाटकापासून मॅजेस्टिकच्या त्या घाणेरड्या फलाटापर्यंत, तेवढं ठेवलं होतंस. आणि कमी पडलं. फक्त एका दिवसाने कमी पडलं. बुधवारीच टाकी कोरडी!

तर कुमुद, तुझा हिशोब चुकला. ऐकतेस ना? चुकला. अंदाजच होता तो. काठी बुडवल्याशिवाय कळत नाही हे मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मला फोन करून म्हणायला काय झालं होतं, अहो, कमी वाटतंय, लवकर या? मी नवरीला हळदीत सोडून पळत आलो असतो. फलाटावर नसती आलीस तरी चाललं असतं. तुला मला चकित करायचं होतं! हृदयाचा पंप मोडलेला आणि बाई चकित करायला निघाली!

मी त्या साहेबांना फोन लावला. म्हटलं, साहेब, तुम्ही त्या दिवशी बोललात ते चूक आहे. ती वेळेवर गेली नाही. तिचं काम राहिलं होतं. ते म्हणाले, काय काम? मी म्हटलं, ते तुम्हाला कशाला, तुम्ही फक्त एवढं लक्षात ठेवा की तिचा हिशोब चुकला होता. ते बिचारे गोंधळले. हो हो म्हणाले. मला बरं वाटलं.

राग गेला असं समजू नको. नुसता दुसरीकडे वळला.

परवा गुरुवार होता. पहाटे मल्लेशला म्हटलं, चल. त्याने कुठे ते विचारलं नाही. मॅजेस्टिकला निपाणीची बस लागली. ड्रायव्हर पोरगेला होता, ब्रेक तुला आवडला नसता तसा मारला. माणसं उतरली. एका म्हातारीला घ्यायला तिची सून आली होती, पिशवीवरून दोघी तिथेच भांडायला लागल्या. मी बस रिकामी होईपर्यंत उभा राहिलो. मी सोडून तिथे कोणी कोणाची वाट बघत उरलं नव्हतं, तेव्हा परत आलो.

ऑटोत डाव्या हाताची जागा सोडून बसलो. मल्लेशने आरशातून बघितलं. म्हणाला, "अण्णा, मधे बसा की. आरामात. गाडी एका बाजूला झुकते."

मी म्हटलं, झुकू दे.